यादीत नाव नसलेल्यांसाठी



एआयवर बोलायचं, पण आपल्या बुलढाण्याच्या माणसाला उपयोगी पडेल असं बोलायचं, म्हणून घरोघरी ठाऊक असलेला विषय घेते : कर्जमाफी आणि अनुदान.

२०१७ ची कर्जमाफी आठवा. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ होणार होतं, पण शेतकऱ्यानं आधी ऑनलाइन अर्ज भरायचा होता. केंद्रांवर रांगा लागल्या. अर्जातली आणि बँकेतली माहिती जुळेना, याद्या रखडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत क्रम उलटा केला. अर्जच नव्हता. माहिती बँकांनी दिली, याद्या लागल्या, शेतकऱ्यानं आधार दाखवून रक्कम बरोबर आहे का एवढंच सांगायचं. मान्य नसेल तर तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे. संगणक दोन्ही वेळी होता. फरक होता तो धावपळ कोणी करायची, यात.

आता एआय आलं आहे. २०२५ मध्ये राज्यानं शेतीसाठी ‘महाॲग्री-एआय’ धोरण मंजूर केलं. उद्या अर्जांची छाननीही यंत्राकडे जाईल. तिथे सगळ्यात अवघड असतात आपली नावं. सातबाऱ्यावर देवनागरीत एक, आधारवर इंग्रजीत दुसरं, पासबुकात आडनाव आधी. लग्न झालेल्या बाईचं तर कधी कधी पूर्ण नावच बदललेलं. ही एकच व्यक्ती की दोन, हे यंत्र अंदाजानं ठरवतं. तेलंगणात ‘समग्र वेदिका’ या प्रणालीनं अशाच वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवल्या. दुसऱ्याची मोटार गरीब घराच्या नावावर चढली आणि रेशन बंद झालं. रद्द झालेल्या कार्डांची फेरतपासणी करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं.

म्हणून माझं म्हणणं असं : ‘हो’ यंत्रानं म्हणावं, ‘नाही’ मात्र माणसानंच, सहीनिशी आणि मराठीत कारण लिहून. गणितात नुसतं उत्तर लिहून आपल्याला कधी पूर्ण गुण मिळाले नाहीत, रीत दाखवावी लागायची. यंत्रालाही तोच नियम हवा.

आणि यंत्राचं खरं काम वेगळंच आहे. पतीच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत आहे, रेशनकार्ड गरिबीचं आहे, पण संजय गांधी निराधार योजनेत जिचा अर्जच नाही, अशा बाईचं नाव शोधून तलाठ्यापुढे ठेवणं. खोटे लाभार्थी पकडायला सगळेच उत्सुक असतात. राहून गेलेले कोणी शोधत नाही.

तुमच्यापैकी कुणी बँकेत आहात, कुणी जिल्हा परिषदेत, कुणी सेवा केंद्र चालवता. नवी प्रणाली तुमच्या टेबलावर येईल तेव्हा एवढंच विचारा : नाकारलेल्या माणसानं कुठे जायचं, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल? ते लेखी मिळेपर्यंत प्रणाली चालू करू नका. तांत्रिक बाजू समजून घ्यायला मला केव्हाही फोन करा.