मागून आणलेली बाग



मला भाषणाची सवय नाही. अंगणातली माती उकरण्याची आहे, तेव्हा तेवढ्यापुरतेच बोलते.

आम्ही या आळीत राहावयास आलो तेव्हा मी हौसेने रोपवाटिकेतून फुललेली रोपे आणली, आणि तीही ऐन वैशाखात! यजमानांनी पैसे मोजले, काही बोलले नाहीत. महिन्याभरात रोपांच्या काटक्या झाल्या, तेव्हाही बोलले नाहीत. तेच मला अधिक लागले. पुन्हा पैसे मागावयास तोंड उरले नाही.

मग भीड सोडून शेजारच्या काकूंकडे जास्वंद मागितली. मृगाची सर नुकतीच पडून गेली होती. त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब चार काड्या कापून दिल्या आणि बजावले, "डोळे वरच्या अंगाला हवेत. उलटी खोचाल हो!" काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरपा घ्यावयाचा, खालची पाने काढून दोन डोळे मातीत जातील अशी काडी सावलीत लावावयाची. मूळ फुटले का, हे उपटून पाहू नये. मी पाहिले, दोन काड्या त्यातच गेल्या.

तगर, बोगनवेल अशाच लागतात. चाफ्याच्या फांदीचा काप मात्र आधी आठवडाभर सावलीत सुकू द्यावा, नाही तर ती कुजते. मोगऱ्याची खालची फांदी वाकवावी, साल किंचित खरवडून मातीत दाबावी, वर दगड ठेवावा. मुळे धरल्यावरच मूळ झाडापासून तोडावी. दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू चुरडून टाकला की रोपे येतात. (तोरण फेकून बी विकत आणणाऱ्या आपल्यात पुष्कळ आहेत. मीही होते.) कण्हेर काडीने येते, पण विषारी, रांगते मूल असेल तेथे नको. हापूसचे कलम तेवढे विकतच घ्यावे. कोयीचे झाड मूळच्या गुणाचे निघेल असा भरवसा नसतो.

२०१६ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे पाणी दिवसाआड येऊ लागले. काकू दोन महिने लेकीकडे होत्या. परतल्या तो त्यांची जास्वंद पार वाळलेली. माझी भांडी विसळलेल्या पाण्यावर तगली होती. पाऊस पडताच चार काड्या कापून नेऊन दिल्या. काकूंनी चष्मा लावून एकेक काडी निरखली आणि म्हणाल्या, "काप तिरपा घेतलात. बरे केलेत."