समुद्राच्या पेटीला लाकडी झाकण



माशांची काचेची पेटी आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेली असते. मुंबईला १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हापासून किती तरी पिढ्यांनी तिथल्या काचेला नाक लावून समुद्र पाहिला. आता घराघरांत, शाळाशाळांतही अशा पेट्या दिसू लागल्या आहेत, काही ठिकाणी तर खाऱ्या पाण्याच्या सुद्धा. पेटी कशी ठेवावी, मासे कसे पाळावेत, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या पेटीवरच्या लाकडी झाकणाबद्दल मात्र कुणी फारसे बोलत नाही. आज मी त्याच झाकणाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, झाकणात सांगण्यासारखे काय आहे? आहे, मंडळी. एका झाकणाने आमच्या शाळेची पेटी अर्धी ओस पाडली होती.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. पेटी ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ न भरता तिच्यात सुमारे पावणेदोनशे लिटर पाणी राहते. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे नुसते मीठच सहा किलो झाले! मुलांनी खडकातल्या डबक्यांमधून चार लहान मासे, शंखात राहणारे खेकडे, दोन-तीन कोळंब्या आणि गोगलगाई आणल्या. प्रवाळ मात्र आणायचे नाही, हे आधीच बजावले होते. समुद्रातले पोवळे उचलणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि हा धडा मुलांनी लहानपणीच शिकलेला बरा.

पेटीला झाकण हवे, हे पहिल्याच आठवड्यात कळले. सकाळी वर्ग उघडला तो एक मासा फरशीवर वाळून पडलेला. मासे उडी मारतात, बरं का! शिवाय धूळ, मांजर आणि पोरांचे हात, या तिन्हींपासून पेटी सांभाळायची. आणि वरचा दिवा टांगायलाही काही तरी हवेच. म्हणून गावातल्या मेस्त्रींना बोलावले. त्यांनी सागवानाचे सुरेख झाकण केले, बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे लावले. मी विचारले, "लोखंडी का नको?" तर म्हणाले, "खाऱ्या हवेत लोखंड काय टिकणार? पितळ कधी गंजतं का, गुरुजी?" बोलणे अगदी बरोबर. मचव्यांवर, होड्यांवर त्यांनी जन्मभर पितळच वापरलेले.

दोन महिने झाले आणि कोळंब्या मेल्या. मग गोगलगाई काचेवरून गळून खाली पडू लागल्या. मग शंखातले खेकडे बाहेर लोंबून मेले. मासे मात्र ठणठणीत. पाणी बदलले, खाणे बदलले, काही उपयोग नाही. शेवटी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, झाकणाच्या आतून हिरवं पाणी ओघळलंय." पाहतो तर बिजागरीखाली हिरवा ओघळ, आणि त्याच्या टोकाला एक थेंब पेटीत पडायच्या बेतात!

आता घरातल्या आयाबायांना हे वेगळे सांगायला नको. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते. म्हणून तर आपण भांड्याला कल्हई लावतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. खाऱ्या पाण्याच्या वाफेने पितळ गंजून झडत नाही हे खरे, पण त्यातले तांबे हळूहळू पाण्यात उतरते. माशाला ते थोडे सोसते, इतके की माशांच्या काही रोगांवर तांब्याचेच औषध देतात. पण कोळंबी, खेकडा, गोगलगाय, प्रवाळ अशा पाठीचा कणा नसलेल्या जिवांना थोडके तांबेही विष होते. मेस्त्रींचे ज्ञान होडीपुरते खरे होते. होडीखाली अख्खा समुद्र असतो, आणि आमच्या झाकणाखाली पावणेदोनशे लिटर पाणी! चूक त्यांची नव्हे, न विचारणाऱ्या माझी होती.

मग दुसरे झाकण आम्ही मेस्त्रींच्याच हाताखाली, मुलांना घेऊन केले. ते कसे केले ते सांगतो.

पहिली गोष्ट लाकडाची. सागवान उत्तमच, पण महाग. आंब्याची फळी स्वस्त मिळते, पण ओलाव्यात लवकर कुजते आणि तिला कीड लागते. भुसा दाबून केलेल्या फळ्या तर पाणी पिऊन पावासारख्या फुगतात. मधला मार्ग म्हणजे मरीन प्लायवूड. त्यावर आय.एस. ७१० हा भारतीय मानकाचा आकडा छापलेला असतो, तो पाहूनच घ्यावे. जाडी १२ मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत चार सूत. आमच्या मापाच्या पेटीला ८ फूट लांब आणि २ फूट रुंद तुकडा पुरतो. त्यातून पुढची, मागची आणि बाजूंच्या दोन अशा फूटभर उंचीच्या चार फळ्या निघतात, आणि वरचे छतही निघते. गणिताच्या शिक्षकांनी ही मांडणी मुलांना कागदावर करायला द्यावी. एक फळी वाया गेली की क्षेत्रफळ आपोआप समजते.

दुसरी गोष्ट मापाची. झाकणाचे आतले माप पेटीच्या बाहेरच्या मापाइतकेच ठेवू नका. चारी बाजूंनी एकेक सूत मोकळी जागा सोडा. पावसाळ्यात आपल्या दाराचा उंबरठा कसा दाटून बसतो, तसेच झाकणही दाटते. सबंध लाकूड असेल तर ते रुंदीत फुगते, लांबीत फारसे फुगत नाही, हेही ध्यानात ठेवावे. झाकणाच्या आत, खालच्या काठापासून इंचभर वर, चारी बाजूंनी एक पट्टी ठोकावी. ही पट्टी पेटीच्या काठावर टेकते, आणि खालचा इंचभर भाग पाण्याची रेघ झाकतो. पट्टी आणि काच यांच्यामध्ये रबर घालायला विसरू नये.

छत दोन भागांत करावे. मागचा पक्का, पुढचा बिजागरीवर उघडणारा. उघडलेला भाग हातावर आपटू नये म्हणून त्याला टेकण द्यावे. मागची फळी वरून तीन इंच कमी ठेवावी, तिथून दिव्याची ऊब आणि वाफ बाहेर जाते. हवा कोंडली की वाफेचे थेंब लाकडातच मुरतात. या फटीला बारीक जाळी लावली की मासा उडायची भीती नाही. जाळी नायलॉनची हं, धातूची नको.

सांधे जोडताना जुना सरस वापरू नये, तो ओलाव्याने सुटतो. पाण्यात टिकणारा डिंक घ्यावा. स्क्रू आणि बिजागऱ्या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या घ्याव्यात. पितळ नको, तांबे नको, जस्ताचा मुलामा दिलेलेही नको.

आता शेवटचा हात, म्हणजे रंगकाम. इथे घाई करू नका. आधी १२० नंबरच्या पॉलिश कागदाने, मग २२० नंबरच्या कागदाने घासून घ्या. लाखेचे स्पिरिट पॉलिश दिसायला झकास, पण ओलाव्याने पांढरे पडते. ते देव्हाऱ्याला ठीक, पेटीला नाही. पॉलियुरेथेनचे व्हार्निश आणा. पहिला हात पातळ करून द्या, म्हणजे तो लाकडात मुरेल. त्यानंतर तीन हात द्या, आणि प्रत्येक हात वाळल्यावर हलकेच घासा. फळीच्या कापलेल्या कडा सर्वांत जास्त पाणी पितात, त्यांना एक हात जादाच द्या. आतून पांढरा रंग दिलात तर दिव्याचा उजेड वाया न जाता पाण्यात उतरतो. वाळवीचे औषध मात्र आतून मुळीच लावू नका.

एवढे झाल्यावर झाकण दोन ते तीन आठवडे मोकळ्या हवेत ठेवा. वरून वाळले म्हणजे आतून वाळले असे नाही. नाक आत घालून वास घ्यावा, वास येत असेल तर अजून थांबावे. आणि एक सूचना. कुणी जवसाचे तेल वापरले तर त्याच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवा.

विजेचे दोन शब्द, कारण इथे मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. खारे पाणी वीज फार चांगली वाहून नेते. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचा किंवा ॲक्रिलिकचा पत्रा असावा. दिव्याची वायर आधी प्लगच्या खाली लोंबू द्यावी आणि मग वर न्यावी. म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खालीच गळतो, प्लगात शिरत नाही. अर्थिंग नीट करून घ्यावे. गळती होताच वीज तोडणारा, ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. तारतंत्र्याकडून बसवून घ्यावा. आणि पेटीत हात घालण्यापूर्वी बटण बंद, हा नियम झाकणावरच लिहून ठेवावा.

उन्हाळ्यात पाणी आटेल. ते भरताना मिठाचे पाणी घालू नका. वाफ होते ती पाण्याची, मीठ पेटीतच राहते. म्हणून गोडे पाणीच घालायचे. आमच्या मुलांना बाष्पीभवन पुस्तकात कळले नव्हते, ते इथे कळले.

ते दुसरे झाकण अजून पेटीवर आहे. पेटीचे पाणी पुरते बदलले, दगड आणि वाळूही नवी घातली, आणि महिनाभराने शंखातले खेकडे पुन्हा आणले. ते आजही रात्री काचेवर खुडखुड करतात. मेस्त्रींनी जुन्या पितळी बिजागऱ्या काढून आपल्या घराच्या खिडकीला लावल्या. तिथे त्या उत्तम चालतात. वस्तू वाईट नसते मंडळी, तिची जागा चुकते. ती चूक सातवीतल्या मुलीच्या डोळ्यांना दिसली, कारण ती रोज पाहत होती. तुमच्या शाळेत पेटी असो वा नसो, रोज पाहण्याची ती सवय मात्र मुलांना जरूर लावा.