बांधलेल्या फायली आणि त्या उघडण्याची साधने

(आबिड्स, हैदराबाद येथील वसंतकालीन व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आबिड्सचा पदपथ दर रविवारी जुन्या पुस्तकांनी व्यापला जातो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आणि तेथे साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे एखादे पुस्तक, मग ते मराठी असो, उर्दू असो वा तेलुगू, हाती लागले तर ते वाचण्यास डोळे आणि भाषा यांखेरीज अन्य साधनाची गरज पडत नाही. परंतु आपल्या संस्थांची इतिवृत्ते, जमाखर्च, स्मरणिका, घराघरांतील मालमत्तेचे कागद हे सारे आज ज्या रूपाने एका हातातून दुसऱ्या हाती जाते, ते रूप बहुधा बांधलेले असते, आणि ते सोडवावयास एक मध्यस्थ प्रणाली लागते. ती प्रणाली कोणती असावी हा प्रश्न आपण झेरॉक्सच्या दुकानातील मुलावर सोपवून मोकळे होतो. माझे प्रतिपादन असे की हा प्रश्न मुळात दफ्तर सांभाळण्याचा आहे, आणि संस्थेच्या चिटणिसाने व कुटुंबातील जाणत्या माणसाने तो स्वतःच सोडविला पाहिजे.

प्रथम तीन क्रिया वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण व्यवहारात त्यांची सरमिसळ होते आणि बहुतेक फजिती तेथूनच सुरू होते. पहिली क्रिया मजकूर आकुंचित करण्याची, जिला आपण सरसकट झिप करणे म्हणतो. दुसरी, एका लेखनपद्धतीतून दुसरीत रूपांतर करण्याची. ईमेलबरोबर जोडलेले छायाचित्र ज्या बेस-६४ पद्धतीने पाठविले जाते, ती या प्रकारची. जुनी टपालयंत्रणा केवळ साध्या रोमन अक्षरांची वाहतूक करू शके, म्हणून दर तीन बाइटांचे चार अक्षरांत रूपांतर करावे लागले, आणि त्यामुळे फाइल लहान होण्याऐवजी सुमारे एक तृतीयांशाने फुगते. तिसरी क्रिया गुप्ततेची, ज्यात परवलीच्या शब्दावाचून मजकूर कोणासही कळू नये अशी तजवीज असते. एकाच फाइलीवर या तिन्ही क्रिया झालेल्या असू शकतात, आणि ती उघडत नाही अशी तक्रार येते तेव्हा यांपैकी कोणती गाठ अडली आहे हे पाहिल्यावाचून नवी प्रणाली उतरवून घेणे व्यर्थ आहे.

आकुंचनाचे तत्त्व मोठे सुंदर आहे. १९७७ साली लेम्पेल आणि झिव्ह या दोन संशोधकांनी दाखविले की मजकुरात पूर्वी येऊन गेलेला भाग पुन्हा न लिहिता "इतके मागे जा, तेथून इतकी अक्षरे घे" एवढीच नोंद केली तरी मूळ मजकूर एका मात्रेचाही फरक न पडता परत उभा राहतो. या नोंदींतही ज्या वारंवार येतात त्यांना आखूड आणि ज्या विरळ त्यांना लांब संकेत देण्याची युक्ती हफमनने १९५२ सालीच सांगितली होती. आपल्या लिपीस या तत्त्वाचा लाभ विशेष होतो. प्रचलित युनिकोड लेखनात 'हैदराबाद' हा शब्द आठ चिन्हांचा आणि प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे, म्हणजे एकूण २४ बाइट होतात. परंतु त्या प्रत्येक त्रयीचा पहिला बाइट एकच आणि दुसरा दोन पर्यायांपैकी एक असल्यामुळे पुनरुक्ती विपुल असते, आणि निव्वळ मराठी मजकुराची फाइल फार आकसते. उलट छायाचित्रे, ध्वनिफिती, चलचित्रे ही आधीच आकुंचित असल्यामुळे त्यांना झिपमध्ये घातल्याने जागा क्वचितच वाचते. तेथे झिपचे काम, पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे रुमाल बांधलेले असतात त्याप्रमाणे, विखुरलेले एकत्र ठेवण्याचे.

आता प्रणालींकडे वळू. फिल कॅट्झ या अमेरिकन प्रोग्रामरने १९८९ साली पीकेझिप प्रसृत केली आणि तिच्या झिप बांधणीचा (फॉरमॅटचा) संपूर्ण तपशील जगासाठी खुला करून ठेवला. आजही प्रत्येक झिप फाइलीच्या आरंभी पी आणि के ही त्याच्या नावाची दोन रोमन आद्याक्षरे असतात. आपण वर्डमध्ये लिहिलेला डॉक्स मसुदा आणि ईपब पुस्तक हेही आतून झिपच आहेत, आणि फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून झिप केले की ते उघडून पाहता येतात. रशियातील युजीन रोशाल याने १९९३ साली रार ही बांधणी केली. ती गुणी आहे. खराब झालेली फाइल अंशतः सावरण्याची तिची सोय मला मनापासून आवडते. परंतु रार उघडण्याची मुभा सर्वांना असली तरी रार बांधण्याचा अधिकार मालकाने स्वतःकडे राखला आहे, आणि विनरार ही प्रणाली चाळीस दिवसांनंतर पैसे भरून घ्यावयाची आहे. इगोर पाव्हलोव्ह याची १९९९ सालची सेव्हन-झिप मात्र विनामूल्य आहे, तिचे मूळ लेखन (सोर्स कोड) कोणासही तपासता येते, आणि ती झिप, रार, सेव्हन-झेड इत्यादी कितीतरी प्रकार उघडते. त्यामुळे विंडोजवर काम करणाऱ्या कोणत्याही मंडळास मी तीच सुचवीन. मॅकवर द अनआर्कायव्हर, फोनवर झेडआर्कायव्हर ही साधने साधारणतः पुरेशी ठरतात.

परंतु मी प्रणालीपेक्षा बांधणीवर अधिक भर देतो, त्याचे कारण एका उदाहरणाने सांगतो. एस नावाची एक बांधणी एके काळी बरीच प्रचलित होती. विनरार ती उघडत असे, पण त्यासाठी त्रयस्थाने केलेला एक प्रोग्राम वापरीत असे. २०१९ साली चेक पॉइंट या संस्थेच्या संशोधकांना त्या प्रोग्राममध्ये अनेक वर्षे दडून राहिलेला एक गंभीर दोष सापडला: एखादी फसवी फाइल उघडताच शत्रूचा प्रोग्राम आपल्या संगणकात रुजू शकत असे. त्या प्रोग्रामचे मूळ लेखन विनरारच्या कर्त्यांकडे नव्हते, म्हणून दोष दुरुस्त करणे शक्य नव्हते, आणि त्यांनी एस फायली उघडण्याची सोयच काढून टाकली. ज्यांनी आपले जुने कागद त्या बांधणीत ठेवले होते, त्यांच्यावर विनाअपराध संकट आले.

या शहरात राहणाऱ्या मराठी माणसास असल्या संकटाचे स्वरूप समजावून सांगावे लागू नये. तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळापासूनचे फारसी कागद आहेत, आणि जुन्या दफ्तरांतील हिशेब ज्या सियाक पद्धतीने लिहिले जात, ती वाचणारी माणसे आता शोधावी लागतात. आपल्या पूर्वजांची मोडी शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत घरोघरीचे खलिते वारसांनाच अवाचनीय झाले. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले हे खरे, पण चिन्हांना स्थान मिळाले म्हणून वाचक निर्माण होत नाहीत. कागद शाबूत असूनही त्याची उकल हरपणे ही घटना आपल्या घराण्यांत घडून गेली आहे, आणि ती पुन्हा संगणकात घडावी हे मला सहन होत नाही.

ती घडू लागलीही आहे. झिपच्या मूळ नियमांत फाइलींची नावे जुन्या आयबीएम संगणकाच्या अक्षरसंचात लिहिली जात, आणि त्या संचात देवनागरीस जागा नव्हती. युनिकोड नावांची अधिकृत खूण २००६ साली आली. विंडोज सातपर्यंतची अंगभूत सोय तर मराठी नावाची फाइल झिपमध्ये घेण्यासच नकार देई, आणि नाव बदला असा हुकूम पडद्यावर येई. म्हणून जुन्या झिपमधून प्रश्नचिन्हांची रांग निघाली तर फाइल बिघडली असे समजून ती टाकून देऊ नये. नाव गेले तरी आतील मजकूर बहुधा शाबूत असतो. याहून बिकट गाठ पुढे असते. झिप सुटते, फाइल उघडते, आणि समोर रोमन अक्षरांचा अर्थहीन गाळ दिसतो, कारण मजकूर श्री-लिपी किंवा आकृतीच्या जुन्या फॉन्टात टंकलेला असतो. तेलुगूत अनु, उर्दूत इनपेज यांची कथा वेगळी नाही, आणि तीन भाषांची कामे करणाऱ्या डीटीपी चालकास हे तिन्ही प्रकार परिचयाचे असतात. येथे कोणतीही झिप प्रणाली उपयोगी पडत नाही. मूळ फॉन्ट अथवा युनिकोड रूपांतरक लागतो, आणि जोवर तो फॉन्ट जाणणारी माणसे आहेत तोवरच हे काम उरकून घेतले पाहिजे.

गुप्ततेविषयी थोडेसे. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल झिपच्या रूपाने मिळते आणि चार अक्षरी शेअर कोडने उघडते. ती नेट सेंटरच्या संगणकावर उघडून तेथेच ठेवणे, आणि कोडही तोंडाने सांगणे, हे आपली ज्येष्ठ मंडळी नि:शंकपणे करतात. ते थांबले पाहिजे. झिपची जुनी गुप्तपद्धती दुबळी आहे, हे बिहॅम आणि कोचर यांनी १९९४ सालीच सिद्ध केले. खाजगी कागदांसाठी सेव्हन-झिपमध्ये एईएस-२५६ हाच पर्याय निवडावा. मात्र संस्थेच्या कायम दफ्तरास परवलीचा शब्द घालूच नये, कारण चिटणीस बदलतात आणि शब्द त्यांच्याबरोबर जातो.

खुल्या लेखनाची प्रणाली निर्दोष असते असे माझे म्हणणे नाही. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या आकुंचनाच्या खुल्या संचातच कोणी विश्वास संपादन करून चोरदरवाजा बसविला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ संगणकावर प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले, आणि लेखन खुले असल्यामुळे त्याला मुळापर्यंत जाता आले. बंद प्रणालीत त्याची शंका शंकाच राहिली असती. सेव्हन-झिप स्वतःहून नवी आवृत्ती घेत नाही, म्हणून ती वेळोवेळी तिच्या अधिकृत ठिकाणाहूनच आणावी, आणि झिपमधून निघालेल्या ज्या फाइलीचे नाव पीडीएफ भासते पण अंती ईएक्सई असते, तिला हात लावू नये.

आपल्या ग्रंथालयांनी व मंडळांनी काय करावे, तर रार आणि तत्सम बांधण्यांतील जुने संच सोडवून साध्या झिपमध्ये पुन्हा बांधावेत, मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, आणि प्रत्येक संचाबरोबर फाइलींची फेरिस्त छापील कागदावर ठेवावी. सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' नावाची आज्ञा आहे. ती संच न सोडविता आतील प्रत्येक फाइल मूळ बेरजेशी ताडून पाहते. वार्षिक हिशेबतपासणीच्या दिवशी ही आज्ञा प्रत्येक संचावर चालवून तिचा निकाल इतिवृत्तात नोंदवावा, आणि जो संच नापास होईल त्याची दुसरी प्रत त्याच आठवड्यात शोधावी.