चावऱ्या माशीची गंमत

परंड्याचा किल्ला व त्यावरील तोफा पाहावयास लोक दुरून येतात. येथील प्रसिद्ध मुलुखमैदान तोफ १६३२ सालीं विजापुरास गेली, ती तेथेंच राहिली. परंतु श्रोतेहो, दिवेलागणीस सीनाकांठच्या शेतांतून जी फौज उठते, तिच्यापुढें मुलुखमैदानही निरुपयोगी! त्या सोंडवाल्या शत्रूशीं मनुष्याला नुसत्या हातांनींच लढावें लागतें, आणि बहुतेक वार स्वतःच्याच गालावर बसतात.

अशाच एका लढाईचें विनोदी चित्र कॅनडांत निघालें आहे. वेड हेम्सवर्थ नांवाचे गृहस्थ उत्तर ऑंटेरिओच्या अरण्यांत, लिटल ॲबिटिबी नदीवरील धरणाच्या मोजणीसाठीं गेले होते. काळ्या माशांनीं त्या टोळीस इतकें फोडून काढिलें कीं, त्यांनीं १९४९ सालीं त्यावर गाणेंच रचिलें. पुढें १९९१ सालीं ख्रिस्तोफर हिंटन यांनीं कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठीं त्या गाण्यावर पांच मिनिटांचा व्यंगचित्रपट केला, व त्यास ऑस्करचें नामांकनही मिळालें. चहांत माशी, रश्शांत माशी, दाढींत माशी! स्वयंपाकी सर्वांना डुकराची चरबी आणि झाडाचा डिंक चोपडतो, एवढाच काय तो औषधोपचार. हेंच छायाचित्रांनीं दाखविलें असतें तर अंगावर शहारे आले असते. रेषांनीं दाखविल्यामुळें हसूं येतें. शिवाय ती गंमत सांगणारा स्वतः चावून घेतलेला आहे. म्हणून ती कुचेष्टा वाटत नाहीं.

ही माशी वाहत्या पाण्यांत वाढते व दिवसाढवळ्या चावते. आपला हिवतापाचा डास बहुधा सांचलेल्या पाण्यांत वाढून रात्रीं चावतो. दोहोंतही रक्त पिते ती मादीच. (नरांनीं यावरून फुशारकी मारण्याचें कारण नाहीं.) डासाच्या पोटांत हिवतापाचा जंतु रोनाल्ड रॉस यांना सांपडला तो २० ऑगस्ट १८९७ रोजीं, सिकंदराबादेस, म्हणजे निजामाच्याच मुलुखांत, ज्यांत १९४८ पर्यंत परंडाही होता.

त्या परंड्याकडील कितीएक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस बाहेर पडतात. मोजणीदार एकटा अरण्यांत जाई. येथें कोयत्याबरोबर तान्हें मूलही जातें, आणि फडाजवळ, पाण्याच्या पाटाशेजारीं कोपींत निजतें. मच्छरदाणी कोठून आणावी? ताप आला तरी खाडा करण्याची सोय नाहीं, कारण खाड्याचे पैसे उचलींतून वळते होतात. रात्रीं निंबाचा पाला जाळून धूर करावयाचा. त्यानें डास जातात कीं नाहीं कोण जाणे, माणसें मात्र खोकत बसतात. आणि त्या धुरांतूनच एखादा म्हणावयाचा, "मुकादमानें निदान उचल देऊन रक्त आटविलें, ह्या डासानें कोणती उचल दिली होती रे?" मग सगळी कोपी हसते, आणि निजलेलें पोर जागें होतें.