मार्का पुसलेली पेटी

(कागल येथे तरुण कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. असला माणूस विद्यापीठातल्या कलेच्या इतिहासावर बोलणार म्हटल्यावर पुढं बसलेली दोन-चार पोरं हसली. हसू द्या.

हा इतिहास लिहिणारा संशोधक हवेतून लिहीत नाही. त्याला जुनी वर्तमानपत्रं लागतात आणि जुनी चित्रं, फोटो लागतात. पेपरातून कळतं कुणी काय केलं, कधी केलं, कोण त्यावर भडकलं. फोटोतून कळतं ते दिसत कसं होतं. कोल्हापूरचंच बघा. बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. मूकपट. सावकाराच्या कचाट्यात सापडलेला शेतकरी, आणि त्या शेतकऱ्याचं काम केलं शांतारामनं. ती फिल्म आज बघायला मिळत नाही. उरलंय ते बातम्या, जाहिराती आणि थोडे फोटो, त्यावरच सगळा अभ्यास चालतो. ही गत नावाजलेल्या बाबूरावांची. मग आमचं काय उरलं असेल?

माणगाव हितनं लांब न्हाय. तवा ते कागल जहागिरीतलंच गाव. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथं बहिष्कृतांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब, आणि पाहुणे शाहू महाराज, ह्याच कागलच्या घाटग्यांच्या घरात जन्मलेले. ही हकीकत छापली 'मूकनायका'नं. ते पत्र ३१ जानेवारी १९२० ला निघालं, महाराजांनी त्याला अडीच हजार रुपये दिले होते. आणि 'केसरी'नं? पैसे देऊ केले तरी 'मूकनायका'ची साधी जाहिरात छापली नाही. आता समजा एखादा विद्वान वातानुकूलित खोलीत नुसत्या 'केसरी'च्या फायली चाळत बसला, तर त्याच्या प्रबंधात आमचं पत्र जन्मालाच येणार नाही. तो खोटं बोलणार नाही, पण त्याच्या खरेपणात आम्ही नसणार.

चित्रांचं तर ह्याहून वाईट. उन्नमती श्यामसुंदर नावाचा आपला एक व्यंगचित्रकार, संशोधक. त्यानं १९३२ ते १९४८ पर्यंतच्या इंग्रजी पेपरांच्या फायली उपसल्या आणि बाबासाहेबांवरची शंभरावर व्यंगचित्रं बाहेर काढली. २०१९ साली त्याचं पुस्तक आलं. त्यात बाबासाहेब कुठं एवढेसे खुजे, कुठं साडी नेसवलेले. घटना लिहिणारा माणूस! ही चित्रं त्या काळी घराघरात चहाबरोबर बघितली गेली. २०१२ मध्ये शंकरच्या जुन्या चित्रावरनं गदारोळ झाला, गोगलगायीवर बाबासाहेब आणि मागं चाबूक घेतलेले नेहरू, तेव्हा मोठमोठे लोक म्हणाले, दलितांना विनोद कळत नाही. एक चित्र सुटं दाखवलं की असं म्हणता येतं. शंभर चित्रं ओळीनं मांडली की कोण कुणाला हसत होतं ते आंधळ्यालाही दिसतं. फायली उपसायच्या त्या ह्यासाठी.

पण आमचीही चित्रं आहेत की. बिंदू चौकात जावा. ९ डिसेंबर १९५० ला फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे तिथं उभे राहिले, बाबासाहेब हयात असताना. उभे केले भाई माधवराव बागलांनी, आणि हा गडी स्वतः जे.जे.त शिकलेला चित्रकार. पुढं १९६७ साली संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघांनी घडवलेला पुतळा बसला, बोट उंचावलेला, हाती पुस्तक. ती ढब बघून गावोगाव सिमेंटचे बाबासाहेब उभे राहिले. ते घडवणारे गवंडी, मूर्तिकार, रंगारी कोण? वर्गणी कुणी गोळा केली? कुठल्या गावानं पुतळा बसू दिला नाही? एवढी मोठी शिल्पकला ह्या देशात दुसरी झाली नसेल, आणि तिची वही कोरी.

अमेरिकेतल्या गॅरी टार्टाकोव्ह नावाच्या प्राध्यापकानं २०१२ साली दलित कलेवर ग्रंथ संपादित केला. चांगलं केलं. कल्याणच्या विजय सुरवाड्यांनी आयुष्य घालून बाबासाहेबांचे फोटो, पत्रं जमवली. एकेकटी माणसं किती करणार? मी एका मोठ्या ग्रंथालयात जुना अंक बघायला गेलो तर कारकून माझे हात बघून म्हणाला, "प्राध्यापकाचं पत्र आणा." पत्र आणायला मी कुठल्या प्राध्यापकाचा जावई?

गोदीत प्रत्येक पेटीवर मार्का असतो. माल कुणाचा, कुठल्या बंदरातनं आला, नंबर किती. मार्का पुसला की पेटी शेडमध्ये पडून राहते, मग बेवारस म्हणून लिलावात जाते. तुमच्या घरातला फोटो तसाच आहे. आज्याचा, जलशाचा, जयंतीच्या मिरवणुकीचा, बौद्ध झाल्या दिवसाचा. म्हातारी हाय तोवर तिला नावं ठावं आहेत. उद्या?

तेव्हा ज्यांनी आज फोटो, जुनी पत्रकं, जयंतीची पोस्टरं आणलीत त्यांनी ती ह्या टेबलावर मांडा. मागं गाव, साल, माणसांची नावं डावीकडनं लिहायची. शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेन नको, पुढं उमटतं. मूळ फोटो कुणालाच द्यायचा नाही, विद्यापीठालासुद्धा नाही. हितंच मोबाईलवर प्रत काढू. आणि आयाबाया मागं बसल्यात त्यांनी पुढं या. नावं तुम्हालाच ठावं.