त्यांची ओळख आपण सांगायची

(ज्येष्ठांच्या सेवाकार्यातील कार्यकर्ते व कुटुंबीय यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



स्मृतिभ्रंशाचा विषय निघाला की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाशी अडते : आईवडिलांना संस्थेत ठेवावे की नाही? कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना तर हा प्रश्न फारच अवघड वाटतो. माझे मत स्पष्ट आहे. मध्यरात्री दार उघडून बाहेर पडणाऱ्या सासऱ्यांना चार वर्षे सांभाळून थकलेल्या सुनेला संस्कारांचा उपदेश करण्याचा अधिकार, त्या घरी एक रात्रही न जागलेल्या नातेवाइकाला नाही. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना निवासी शुश्रूषागृहाचा आधार घ्यावाच लागेल. विचार करायचा तो तिथे त्यांचा दिवस कसा जातो याचा.

या प्रश्नाचा इंग्लंडमध्ये पुष्कळ अभ्यास झाला आहे. तेथील अल्झायमर्स सोसायटीने २००७ साली केलेल्या पाहणीत आढळले की, अंघोळ-जेवणासारखी कामे वगळली, तर शुश्रूषागृहातील अशा व्यक्तीशी सहा तासांत जेमतेम दोन मिनिटे संवाद होतो. कपडे स्वच्छ, जेवण वेळेवर. बोलणारे मात्र कोणी नाही! अशा एकटेपणात माणूस ओरडू लागला, फेऱ्या घालू लागला की त्याला शांत करणारी गोळी दिली जाई. प्रा. सुबे बॅनर्जी यांच्या २००९ च्या अहवालानुसार, त्या देशात स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना मनोविकारांवरील अशी औषधे दिली जात होती आणि त्यांपायी वर्षाला सुमारे १८०० जादा मृत्यू होत होते.

मग गोळ्या थांबवल्या म्हणजे झाले का? नाही. प्रा. क्लाइव्ह बॅलार्ड यांच्या गटाने १६ शुश्रूषागृहांत केलेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. औषधांचा फेरविचार केल्यावर त्यांचा वापर निम्म्यावर आला; परंतु जिथे औषधे कमी केली आणि सोबत वाढवली नाही, तिथे रुग्णांची अस्वस्थता उलट वाढली. गोळीने झाकलेली पोकळी उघडी पडली, इतकेच. पुढे ६९ शुश्रूषागृहांतील आठशेहून अधिक रुग्णांवर नऊ महिन्यांचा प्रयोग झाला. प्रत्येक ठिकाणच्या दोन सेवकांना प्रशिक्षण दिले. रुग्णाच्या आवडीनिवडी विचाराव्यात, त्याच्याविषयीच्या निर्णयांत त्याला सामील करावे, आणि आठवड्यातून तासभर तरी त्याच्याशी गप्पा माराव्यात, एवढेच अपेक्षित होते. रुग्णांचे जगणे सुधारले, चिडचिड कमी झाली, आणि एकूण खर्चही एरवीपेक्षा कमी आला, असे २०१८ सालचे निष्कर्ष सांगतात. (आपल्या घरच्या रुग्णाची औषधे मात्र परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.)

आपल्याकडे याचा अर्थ काय? कातरवेळ झाली की अनेक रुग्ण कासावीस होतात, ‘घरी जायचंय’ म्हणतात. ‘हेच तुमचं घर’ असे दटावून काही साधत नाही. घरी कोण वाट पाहत असेल, हे आजीला विचारले, तर त्या पन्नास वर्षांपूर्वीच्या गोठ्यातल्या गायीविषयी बोलू लागतील, आणि बोलता बोलता शांतही होतील. जन्मभर नऊवारी नेसलेल्या बाईला सोयीसाठी गाऊन चढवला, तांब्याने अंगावर पाणी घेणाऱ्याला एकदम शॉवरखाली उभे केले, तर तो विरोध करणारच. तो विरोध रोगाचा नसतो, अनोळखीपणाचा असतो. नातवाचे नाव विसरलेले आजोबा रामरक्षा मात्र न अडखळता म्हणतात. ओव्या, पाढे, भजने फार उशिरापर्यंत टिकतात. नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी सुटते आणि मायबोली उरते. म्हणून वऱ्हाडी आजींशी वऱ्हाडीत बोलणारी एखादी सेविका संस्थेत असणे मोलाचे.

पण सेविकेला हे सारे कळणार कसे? रुग्णाला सांगता येत नाही. दाखल करताना आपण रक्तदाबाचे कागद देतो, अनामत रक्कम देतो. माणसाची माहिती देत नाही. ती दोन पाने आपणच लिहून द्यायला हवीत. घरात त्यांना काय म्हणून हाक मारीत. नोकरी कोणती केली, कशाचा अभिमान होता. चहा कपात की पेल्यात. देवपूजा अंघोळीनंतर लगेच की पेपर वाचून. कोणत्या आठवणीने डोळ्यांत पाणी येते, म्हणजे तो विषय कोणी सहज काढू नये. सोबत जुनी चार छायाचित्रे, मागे नावे लिहून. आणि महिन्याने भेटायला जाल तेव्हा ती पाने सेविकेच्या हाताशी आहेत की कार्यालयाच्या कपाटात, एवढे जरूर पाहा.