पहिल्या पिकाची टोपली

(नभोवाणीवरील भाषण)



खरिपाची काढणी उरकली, बाजरी घरात आली, की नगर जिल्ह्यातल्या गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक रविवार हंगामाच्या सणाचा असतो. त्या दिवशी वेदीपुढची जागा ओळखू येत नाही. बाजरीची कणसं, मक्याची ताटं, लाल भोपळे, मेथीच्या जुड्या, पाटीत भुशावर ठेवलेली अंडी. एका बाजूला पाय बांधलेला कोंबडा, आणि तो पाळकसाहेबांच्या उपदेशात अधूनमधून आपलंही म्हणणं मांडत असतो. भक्ती संपली की आवारात लिलाव सुरू होतो. लिलाव करायला मंडळीतला एखादा गमत्या, मोठ्या आवाजाचा माणूस उभा करतात. भोपळ्याची बोली पन्नासवरून पाचशेवर जाते. घेणारा पैसे भरतो आणि भोपळा पुन्हा मेजावर ठेवतो: "मंडळीला दिला, परत बोला!" असा एकच भोपळा दोन-तीनदा विकला जातो. ज्यांना शेती नाही त्या शाळेतल्या बाई लोणच्याची बरणी आणतात, एसटीतले कंडक्टर पाकीट आणतात. एखादी म्हातारी पदराखालून चार अंडी काढून ठेवते आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघते.

हा सण आपल्याकडे अनेक ठिकाणी आहे. मुंबईचे ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात आणि भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. गोव्यात ऑगस्टमध्येच कणसांचं फेस्त सुरू होतं. राय गावी ते 5 ऑगस्टला असतं. पीक वेगळं, बोली वेगळी, पण रिवाज एकच: नवं धान्य आपल्या ताटात पडण्याआधी देवापुढे न्यायचं.

या रिवाजाचं मूळ बायबलच्या जुन्या करारात, अनुवादाच्या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायात आहे. तिथे शेतकऱ्याला सांगितलं आहे की पहिल्या पिकाची टोपली घेऊन याजकाकडे जा. टोपली वेदीपुढे ठेवली, की त्याने काही बोलायचं असतं. काय बोलायचं? यंदा पीक किती आलं, हे नाही. आपले पूर्वज भटके होते, परक्या मुलखात जाऊन ते गुलाम झाले, तिथे त्यांचे हाल झाले, त्यांनी हाक मारली आणि देवाने त्यांना सोडवून या जमिनीवर आणलं, हे त्याने सर्वांसमोर सांगायचं. हातात भरलेली टोपली आणि तोंडी रिकाम्या दिवसांची गोष्ट! माणूस सुस्थितीत आला की जुने दिवस लपवतो. इथे नेमके तेच दिवस मोठ्याने उच्चारायला लावले आहेत. आणि विधी एवढ्यावर संपत नाही. त्या आनंदाच्या जेवणात ज्याला स्वतःची जमीन नाही तो लेवी आणि गावात राहणारा परदेशी, दोघांनाही बसवायचं असतं.

त्याच नियमशास्त्रात, लेवीय पुस्तकात, आणखी एक आज्ञा आहे. पीक कापताना शेताचे कानेकोपरे झाडून कापू नका आणि गळून पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू द्या. पुढे मवाब देशातून आलेली रूथ नावाची एक विधवा बेथलेहेमच्या शेतात हा सरवा वेचते आणि आपलं व सासूचं पोट भरते. शेताचा मालक बवाज गडीमाणसांना मुद्दाम सांगतो, की पेंढ्यांतली काही कणसं तिच्यासाठी गळू द्या. ही परकी विधवा दावीद राजाची पणजी झाली. कुणाच्या तरी शेतात कोपरा शिल्लक ठेवण्याची रीत होती, म्हणून तो वंश पुढे चालला.

श्रोतेहो, ख्रिस्ती शिकवणीतली कृतज्ञता ही अशी आहे. आपल्याला कुठून वर काढलं, हे ती विसरू देत नाही. आणि जो अजून तिथेच आहे, त्याच्यासाठी ती शेताचा कोपरा सोडायला लावते.

पण आभार मानण्याचीही एक खोटी तऱ्हा असते. लूकच्या शुभवर्तमानात लागोपाठच्या दोन अध्यायांत दोन आभार आहेत. 17 व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी येशूला दुरून हाक मारतात. तो त्यांना जाऊन स्वतःला याजकांना दाखवायला सांगतो आणि वाटेतच ते बरे होतात. त्यातला एकच आभार मानायला परत फिरतो, आणि तो शोमरोनी असतो, म्हणजे त्या काळच्या यहुद्यांच्या दृष्टीने दूरचा, कमी प्रतीचा. उरलेल्या नऊ जणांवर आपण उपदेशांत बरंच तोंडसुख घेतो. पण ते गेले तरी कुठे असतील? आधी याजकाकडे, कारण सांगितलंच तसं होतं. मग घरी, किती तरी दिवसांनी बायकोमुलांना जवळ घ्यायला. ते दुष्ट नव्हते, घाईत होते. आपणही बहुतेक घाईतच असतो. येशू विचारतो खरा, की बाकीचे नऊ कुठे आहेत, पण त्या नऊ जणांचं बरेपण त्याने परत घेतल्याचं कुठे लिहिलेलं नाही. कृतज्ञता ही बरं होण्याची फी नव्हती. ज्याने परत फिरून पाहिलं, त्याला बरं करणाराही भेटला, एवढाच फरक.

18 व्या अध्यायात दुसरे आभार येतात. एक परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी, मंदिरात उभा राहून प्रार्थना करतो आणि त्याच्या प्रार्थनेची सुरुवातच आभाराने होते. देवा, मी इतरांसारखा नाही, शेजारी उभ्या असलेल्या या जकातदारासारखा तर नाहीच, म्हणून तुझे आभार, असा त्याचा रोख. हे आभार येशूला मान्य नाहीत. आपल्या बोलण्यात हा परूशी वरचेवर डोकावतो. दवाखान्यात कुणाला भेटून बाहेर पडताना आपण म्हणतो, देवाच्या दयेने आपल्याकडे असं काही नाही. शेजारच्या मुलाला नोकरी नाही, म्हणून आपल्या मुलाच्या नोकरीबद्दल जास्तच कृतज्ञ वाटतं. दुसऱ्याच्या उण्यावर उभं राहिलेलं समाधान म्हणजे तुलना. तिला प्रार्थनेचे कपडे घातले तरी ती तुलनाच राहते.

खरी कृतज्ञता कशी असते हे पाहायला आता महाराष्ट्राला परिचित असलेल्या एका व्यक्तीकडे वळतो. पंडिता रमाबाई. 1858 सालचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईने रमाला शिकवलं. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरत होतं. पुढे दुष्काळात वडील गेले, पाठोपाठ आई गेली, थोरली बहीणही गेली. उरले भाऊ श्रीनिवास आणि रमा. त्या काळाबद्दल रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. रानटी बोरं बियांसकट गिळून दिवस काढले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला काही नव्हतं, तेव्हा बहीणभावाने वाळूत खड्डे खणले, तोंड तेवढं उघडं ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं आणि 1882 मध्ये पती गेले. कडेवर मनोरमा नावाची लहान मुलगी. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून वाद झाले आणि आजही होतात. ते बाजूला ठेवून त्यांच्या कामाकडे पाहा.

1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, विधवांना शिकवण्यासाठी. आईने त्यांना शिकवलं होतं, तेच त्यांनी दुसऱ्यांच्या लेकींना दिलं. सदन पुढे पुण्याला आलं. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभं राहिलं. 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या. केडगावला मुली लिहा-वाचायला शिकल्या. त्या विणत, शिवत, शेती बघत आणि छापखान्यात खिळेही जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते छापायला हेच हात होते. 1921 मध्ये मनोरमा गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. केडगावचं काम मात्र थांबलं नाही. ते आजही चालू आहे.

आईबाप दुष्काळात गेले ते बरंच झालं, असं रमाबाईंनी कधी म्हटलं नाही. दुःखाला चांगलं म्हणणं म्हणजे कृतज्ञता नव्हे. कुणाच्या घरी मयत झाली असेल, कुणाची नोकरी गेली असेल, तर त्याला "देवाचे आभार मान" असं सांगायला जाऊ नये. त्याच्याशेजारी बसावं, डबा न्यावा, दवाखान्याचा कागद वाचून दाखवावा. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस काही न बोलता त्याच्याजवळ बसले, तोवर शहाणे होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

आज तरुण मुलंमुली विचारतात, माझ्या आयुष्याचा उद्देश काय? प्रश्न खरा आहे. परीक्षा, मुलाखती आणि हप्ते यांतून सवड मिळाली की तो टोचतो. उत्तर शोधायला ते शिबिराला जातात, व्याख्यानं ऐकतात. त्यात वाईट काही नाही. पण रमाबाईंच्या चरित्रातून मला एक सोपी वाट दिसते. आपल्याला कधी, कुठे, कोणी हात दिला, याची यादी करावी. फी भरायला पैसे नव्हते तेव्हा कोणत्या मास्तरांनी भरले? परगावी आजारी पडलो तेव्हा कोणत्या खोलीमालकिणीने पेज करून दिली? दारू सुटत नव्हती तेव्हा रात्री-बेरात्री कोण आलं? त्या यादीत आपलं काम लिहिलेलं सापडतं. ज्याची फी भरली गेली, त्याच्या आसपास आज कुणाची तरी फी अडलेली असते. जो व्यसनातून उठला, त्याच्याइतकं दुसऱ्या व्यसनी माणसाचं कोण ऐकून घेणार? जिथे आपल्याला सावरलं गेलं, तिथली वाट आपल्याला माहीत असते. तिथे परत जाऊन दुसऱ्याला बाहेर आणणं, हा बहुतेक माणसांसाठी पुरेसा उद्देश आहे.

आणि याला मोठी संस्था काढावी लागत नाही. पगार झाला की सगळे हप्ते, बिलं, वाणसामान यांच्या आधी थोडी रक्कम बाजूला काढता येते. पहिलं पीक म्हणजे तरी काय, उरलेलं देणं नव्हे, आधी देणं. महिनाअखेर उरलं तर देऊ, म्हणणाऱ्याकडे सहसा उरत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडे वेळ असतो, आणि वेळही नसेल तर निदान माहिती असते. सरकारी कचेरीतला एक फॉर्म कसा भरायचा, हे ज्याला ठाऊक आहे तो एखाद्या निराधार बाईची पेन्शन सुरू करून देऊ शकतो. भाजीवालीकडे चार रुपयांची घासाघीस न करणं, कामवाल्या मावशींना आजारपणाची सुट्टी पगारी देणं, हेही शेताचे कोपरेच आहेत.

नगरसारख्या पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात पाऊस दगा देतो, हे सांगायला नको. अशा वर्षी हंगामाच्या सणाला टोपल्या लहान होतात, पण तो रविवार चुकत नाही. भरपूर आलं म्हणून आभार, हा हिशेब दुष्काळी मुलखात टिकलाच नसता. आपण एकटे नाही, आजवर कोणी तरी आपल्याला तारलं आहे आणि आपल्याहून अडचणीतलं कोणी तरी आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलं आहे, या जाणिवेवर हा सण टिकला आहे.

श्रोतेहो, आपण कोणत्याही धर्माचे असा, या आठवड्यात दोन कामं करा. ज्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत, अशा एका माणसाला फोन करा किंवा त्याच्या घरी जा, आणि त्याने नेमकं काय केलं होतं ते त्याला सांगा. आणि ज्याचं आपण काहीही देणं लागत नाही, अशा एकाची अडचण सोडवा. दोन्ही कामं करा. पहिल्या कामावर थांबलात तर कृतज्ञता निम्मीच राहील.